संत्र्याच्या पेटीतली माती

“हात दाखवा,” असं भाई म्हणाले की नवीन माणूस हमखास तळहात पुढे करायचा. मग भाई तो हात धरून उलटा करायचे. त्यांना रेषांशी काही घेणंदेणं नव्हतं, नखं पाहायची असायची. फिकी पडलीत का, मधून खोल गेलीत का, कडा उकलतात का. बायकांचा हात ते धरत नसत, दुरूनच म्हणायचे, “उलटा करा.” पाहून झालं की एकच प्रश्न ठरलेला, “जेवनावर चहा घेता का?”

घेतो म्हटलं की संपलं. मग उभ्या उभ्या तासाभराचं भाषण, चहा जेवणातलं लोह अंगाला लागू देत नाही म्हणून.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. शिंपी लग्नाला गेला तरी लोकांच्या बाह्याच पाहतो, तसं कामाचं वेड घरापर्यंत घेऊन येणारी. आमच्या भाईंचं काम मातीचं. ते माती तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेत होते. गावोगावची माती कापडी पिशव्यांतून यायची, ती वाळवायची, चाळायची, तिच्यात काय उरलंय अन् काय संपलंय ते सांगायचं. संध्याकाळी मोर्णा नदीचा पूल ओलांडून जुन्या शहरात, आमच्या गल्लीत परत. माझी पिठाची गिरणी गल्लीच्या तोंडाशीच, घराला लागून होती, त्यामुळं त्यांची सायकल रोज माझ्यासमोरून जायची.

गिरणीवाल्या बाईचा आवाज मोठाच असतो. पट्टा फिरत असताना हळू बोललेलं कोणाला ऐकू येणार? माझा तर पट्टा बंद असला तरी मोठा. भाई म्हणायचे, “ताई, मी बहिरा नाई. निसता मातीवाला हाव.” मी म्हणायची, “मातीवाले हा म्हनूनच मोठ्यानं बोलतो. मातीले कान नसतात.” ते हसायचे. हसले की डोळे मिटायचे त्यांचे.

ती वर्षं वाईट होती. पेपर उघडावासा वाटत नसे, पहिल्या पानावर रोज आपल्याच भागातलं, शेतकऱ्यानं जीव दिलेलं एखादं गाव असायचं आणि गिरणीत बसलेला कोणी ना कोणी म्हणायचा, “हे तर आमच्या बाजूचंच.” मला पेपर वाचायची गरजही नव्हती. गिरणीवर काय दळायला येतं त्यावरून मला घराघरातलं कळायचं. आधी ज्वारीचे डबे यायचे, त्यात मूठभर उडीद टाकलेले असायचे. मग उडीद गेला. मग ज्वारी गेली आणि रेशनचा गहू आला. पुढं पुढं तर डबाच अर्धा. बायका डबा ठेवताना माझ्याकडं पाहत नसत, अन् मीही पाहत नसे.

भाई मात्र पाहायचे. गिरणीच्या ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांची नखं पाहायचे आणि त्यांचा चेहरा उतरायचा.

“बात अशी आहे, ताई,” एकदा मला म्हणाले, “आमच्याकडे जी माती येऊन राहिली ना, तिच्यात जस्त नाई राह्यलं. लोह आहे, पन चुना त्याले धरून बसला. झाडाले देतच नाई. झाडात नाई त ज्वारीत कुठून येईन? ज्वारीत नाई त बाईच्या आंगात कुठून येईन? पिशवीतली माती अन् बाईची नखं, मले त एकच दिसते.”

“मंग कराचं काय?” मी विचारलं.

“मातीले खाऊ घालाचं,” भाई म्हणाले.

आणि खरोखर घालायला लागले. कारंजा, वरुड, शेंदूरजनाघाटकडून येणाऱ्या संत्र्यांच्या लाकडी पेट्या बाजारात फेकून दिलेल्या असायच्या. त्या ते सायकलवर बांधून आणायचे. आत खताचं रिकामं पोतं अंथरायचं. मग त्यांची ती खास माती. शेणखतात जस्ताचं मीठ आणि हिराकस, म्हणजे लोहाचं मीठ, मिसळून, ओलं करून, घरामागं सावलीत गोणपाटाखाली महिनाभर मुरत ठेवायचे. “कोरडं टाकलं त काळी माती गिळून टाकते,” म्हणायचे. “शेणखतात मुरवून दिलं त थोडं थोडं झाडाच्या हाती लागते.” नदीकाठी त्यांचा एक लहानसा तुकडा होता, तिथं त्यांनी हे वर्षानुवर्षं करून पाहिलं होतं, पानं नेऊन ओळखीच्या प्रयोगशाळेत तपासून घेतली होती. साध्या मातीतल्या पानापेक्षा त्यांच्या पानात लोह-जस्त जास्त निघालं होतं. फार नाही, पण जास्त. हे “फार नाही” ते दर वेळी न विसरता सांगायचे.

गल्लीत ज्या घरी पोटुशी बाई असेल किंवा लहान लेकरू असेल, त्या घराच्या दारात भाईंची पेटी आली. पालक, मेथी, चवळई आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. भाई दर रविवारी सगळ्या पेट्यांपाशी जायचे, मनगटापर्यंत हात मातीत घालून ओल पाहायचे आणि दारातूनच ओरडायचे, “भाजीवर लिंबू पिळा! चहा नंतर! अन् दवाखान्यातल्या गोळ्या चालू ठेवा! भाजी भाजी आहे, दवा दवा आहे!”

हे शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून आम्ही इतक्या वेळा ऐकलं की लहान पोरं त्यांच्यामागून ते ओरडत पळायची.

आता आमच्या लोकांची गंमत ऐका. भाई जितकं जोरात सांगायचे की ही नुसती भाजी आहे, तितका लोकांचा विश्वास पक्का व्हायचा. समोरची आजी मला म्हणाली, “एवढा शिकलेला मानूस, सोताच्या तोंडानं आपल्याच भाजीले साधी म्हनते? म्हनजे काहीतरी जबरदस्त टाकलेलं असन वं त्यात.” दुकानदार आपला माल भारी आहे म्हणतो, तो खोटं बोलतो. हा माणूस आपला माल साधा म्हणतो, म्हणजे तो खरा. असा हा हिशेब. मी आजीला चार शब्द सुनावले. आजीनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी भाईंच्या पेटीला हळद-कुंकू लावलं.

माझी लेक वर्षा त्याच सुमारास बाळंतपणाला माहेरी आली. मूर्तिजापूरला दिली होती. जावई टायरच्या दुकानात कामाला, सरळ माणूस, कमी बोलणारा. वर्षाची ही दुसरी खेप. पहिलं लेकरू आठव्यात गेलं होतं. पोटातच. आणि तीही जाता जाता राहिली होती. डॉक्टर म्हणाले होते, अंगात रक्तच नाही. तेव्हा मी दवाखान्याच्या ओसरीत बसून होते, ते सांगत बसणार नाही. एवढंच सांगते की या वेळी तिला लवकरच आणून ठेवलं, सातवा लागायच्या आत, आणि मनाशी ठरवलं की ही पोरगी अन् हे लेकरू दोन्ही मी घरी आणणार. काहीही होवो.

भाईंनी तिला पाहिलं. “उलटा कर, बिटिया.” वर्षानं हात उलटा केला. दुसऱ्या दिवशी आमच्या दारात एक नाही, दोन पेट्या.

वर्षाला दवाखान्यातून लाल गोळ्या मिळाल्या होत्या, रोज घ्यायच्या. त्या घेतल्या की तिला मळमळायचं, तोंडाला गंज चढल्यासारखं व्हायचं, सगळं खाल्लेलं बाहेर. मी ओरडायची. ती म्हणायची, “घेते ना आई.” सकाळी पाण्याचा पेला घेऊन मागच्या दारी जायची, पेला रिकामा करून यायची. पुढं उलट्या थांबल्या. मला वाटलं, गोळी पचायला लागली. पोरगी हसायला लागली, भाजी-भाकरी खायला लागली. मेथीची भाजी, वर लिंबू. चहा नाही. मी देवाजवळ दिवा लावला. भाईंच्या नावानंही एक लावला, आता सांगायला काय हरकत आहे.

पण चेहरा भरत नव्हता. पायावर सूज. जिना चढली की भिंतीला टेकायची. “जड झाली ना मी,” म्हणायची. मी गिरणी चालवायची आणि कान घराकडं. पट्ट्याच्या आवाजातही मला तिच्या पावलांचा आवाज ऐकू यायचा. तो थांबला की माझा हात बटनाकडं जायचा.

एका रविवारी सकाळी भाई नेहमीसारखे आले. वर्षा दारात बसून भाजी निवडत होती. भाईंनी पहिल्या पेटीत हात घातला, ओल पाहिली. दुसऱ्या पेटीत घातला आणि थांबले. हात मातीतच. मग त्यांनी हळूच काहीतरी बाहेर काढलं, बोटांनी पुसलं. पुन्हा हात घातला. पुन्हा काढलं. मी गिरणीतून पाहत होते. भाईंचा चेहरा पाहिला आणि पट्टा चालू ठेवूनच बाहेर आले.

त्यांच्या तळहातावर लाल गोळ्या होत्या. काही तशाच, काहींचा रंग जाऊन आतलं काळं पडलेलं, मातीत विरघळलेलं.

“बिटिया,” भाई म्हणाले, “हे काय आहे?”

वर्षानं मान खाली घातली. मग इतक्या सहज बोलली की मला आजही तो आवाज ऐकू येतो. “काकाजी, गोळी पोटात टिकत नव्हती. तुमी हिराकस मातीत टाकता, ते पानात येते. गोळीतही तेच आहे म्हने. मंग मी म्हनलं, गोळी मातीले देऊ, अन् भाजी मी खाऊ. मळमळ नाई होत. दोन्हीही होऊन जाते.”

सांगा, तिला मूर्ख म्हणायचं का? मला तेव्हाही म्हणता आलं नाही. तिनं भाईंचं सगळं मन लावून ऐकलं होतं. फक्त माती किती देते, ते तिला माहीत नव्हतं.

भाई पेटीशेजारी खाली बसले. “किती दिवसांपासून?”

“सातवा लागल्यापासून.”

“अन् कोनाले सांगतलं?”

वर्षानं निवडलेली भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, “गल्लीतल्या दोघी-तिघींले.”

भाई उठले. मी त्यांना असं उठताना कधी पाहिलं नव्हतं. “ताई, गिरणी बंद करा. रिक्षा बोलवा. आत्ता.”

“आज रविवार आहे, भाई, दवाखाना—”

“आत्ता, ताई!”

सरकारी दवाखान्यात ड्युटीवरच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी वर्षाची पापणी खाली ओढून पाहिली आणि लगेच नर्सला हाक मारली. रक्त काढून नेलं. आम्ही बाकड्यावर. वर्षा माझ्या खांद्याला टेकलेली, तिचा श्वास मला मोजता येत होता. भाई उभेच होते, हातावरची माती तशीच सुकलेली. रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी आकडा सांगितला. मला आकडा समजला नाही, त्यांचा चेहरा समजला.

“गोळ्या कोणी बंद करायला सांगितल्या?” त्या ओरडल्या. “भाजी खाऊन रक्त वाढतं हे कोणी सांगितलं हिला?”

मी तोंड उघडलं. माझं तोंड उघडलं की काय होतं हे तुम्हाला कळलंच असेल. पण माझ्या आधी भाई बोलले.

“मी.”

“तुम्ही कोण?”

“माती तपासनारा.”

मग डॉक्टरीणबाईंनी त्यांना जे झोडपलं! शिकलेली माणसं अशी वागतात, लोकांच्या जिवाशी खेळता, तुमच्यावर केस व्हायला हवी, सगळं. ओसरीतले लोक वळून पाहत होते. ज्या माणसानं आयुष्यभर घसा कोरडा करून सांगितलं की भाजी भाजी आहे, तो मान खाली घालून उभा. मी म्हटलं, “बाई, यांनी तर—” भाईंनी मला हातानं थांबवलं. नंतर मी विचारलं, काहून गप बसले तुमी? म्हणाले, “त्या पोट्टीवर ओरडल्या असत्या, ताई. तिले तेवढा श्वास नव्हता.”

रक्त चढवावं लागेल, असं ठरलं. रक्त द्यायला माणसं आणा, म्हणाले. मी बूथवरून मूर्तिजापूरला फोन लावला, जावई निघाला. तोवर भाई म्हणाले, “मी देतो.”

रक्तपेढीत एक माणूस टेबलावर बसला होता. त्याच्यासमोर काचेच्या पेल्यात निळं पाणी. तो बोटाला सुई टोचायचा आणि रक्ताचा थेंब त्या निळ्या पाण्यात सोडायचा. थेंब तळाला गेला की माणूस चालतो, थेंब वर राहिला की नाही. माझ्यासमोर एक पोरगा आला, त्याचा थेंब सरळ खाली गेला. मग भाईंनी बोट पुढं केलं. थेंब पडला. थोडा खाली गेला आणि वर आला. वरच राहिला.

रक्तपेढीवाल्यानं दुसऱ्या बोटाला टोचलं. दुसराही तसाच.

“हे मोरचूदाचं पानी आहे, ताई,” भाई मला म्हणाले. जसं काही मी तेच विचारलं होतं. त्या पेल्याकडंच पाहत होते. “थेंब हलका आहे. डुबत नाई.”

“काका, तुमचं तुम्हीच पहिले दाखवा कोणाले,” तो माणूस म्हणाला. “तुमच्याच आंगात रक्त नाई.”

मला राग आला. कोणावर ते सांगता येत नाही. मी म्हटलं, “भाई, तुमी दुनियेची नखं पाहून राहिले. आपली?”

भाईंनी स्वतःचा हात उलटा केला, पाहिला आणि खिशात घातला. “माती लागलेली असते ना,” म्हणाले, “दिसत नाई.”

जावई आला तो धावतच. त्याचा थेंब डुबला. त्यानं रक्त दिलं, त्याच्यासोबत आलेल्या दुकानातल्या माणसानं दिलं. दुपारभर वर्षाच्या हातात ती नळी होती. मी त्या नळीकडंच पाहत बसले. थेंब पडतो, मग दुसरा पडतो. मध्ये थोडा वेळ पडला नाही की मी नर्सला हाक मारायची. ती शेवटी वैतागली आणि मला बाहेर बसवून गेली. बाहेर भाई होते. मी त्यांच्या शेजारी बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाई गल्लीत घरोघरी गेले. प्रत्येक पेटीची माती त्यांनी चटईवर ओतली, बोटांनी चाळली. आणखी दोन पेट्यांत लाल गोळ्या निघाल्या. एका पेटीत तर बाईनं गोळ्यांचा चुरा करून टाकला होता, नीट सगळीकडं पसरून, मीठ टाकावं तसा. भाईंनी त्या दोघींना नवऱ्यांसोबत त्याच वेळी दवाखान्यात पाठवलं. मग ते परत फिरले आणि सगळ्याच पेट्या उपटायला लागले. ज्यांत गोळ्या नव्हत्या त्याही. हिरवागार पालक, कोवळी मेथी, सगळं मुळासकट.

बायका बाहेर आल्या. “काहून उपटून राहिले, भाई? एवढी चांगली भाजी!” समोरच्या आजीनं तर आपली पेटी दोन्ही हातांनी धरून ठेवली. “माह्याचकडून काय चूक झाली?”

भाई ओरडले. कधी नाही ते ओरडले. “हजार बार सांगतलं! भाजी भाजी आहे, दवा दवा आहे! काहून नाई ऐकत कोनी? काहून?” आणि त्यांचा आवाज फाटला. उपटलेली मेथी हातात घेऊन, गल्लीच्या मधोमध, एवढा मोठा माणूस रडायला लागला. आजीनं पेटी सोडून दिली. मग आजीच पुढं झाली आणि त्यांच्या हातातली जुडी काढून घेऊन म्हणाली, “बस झालं, बाप्पा. बस झालं.”

मी त्याच संध्याकाळी भाभींना रक्तपेढीतलं सांगितलं. भाभी म्हणजे भाईंची बायको. भाई म्हणत होते, आधी पोरगी मोकळी होऊ द्या, मग माझं पाहू. मी म्हटलं, “माझ्या पोरीसाठी तुमी रविवार सरू दिला नाई, अन् सोतासाठी महिना थांबता?” भाभींनी त्यांना डॉक्टरकडं नेलं. तपासण्या झाल्या, नागपूरला पाठवलं. पोटात गाठ होती. आतल्या आत रक्त जात होतं, कधीपासून कोणास ठाऊक. भाजी वाटत फिरणारा तो माणूस जेवत किती होता, हेही आम्हाला कधी दिसलं नव्हतं.

वर्षाचा नववा लागला. तोवर तिच्या इंजेक्शनांचा फेरा चालला होता. गोळ्याही बदलून दिल्या होत्या. गोळी ती माझ्यासमोर घ्यायची, मी तिचं तोंड उघडून पाहायची, जनावराला औषध पाजावं तशी. ती चिडायची. चिडू दे.

दिवस भरले आणि कळा सुरू झाल्या. तोच दवाखाना, त्याच डॉक्टरीणबाई. मी बाहेर. आतून आवाज येत होता तिचा, मग आवाज बंद झाला. पहिल्या वेळी असाच बंद झाला होता. मी भिंतीला धरून उभी राहिले आणि मनात नुसतं म्हणत होते, ओरड, वर्षे, ओरड. जावई दाराला कान लावून उभा होता. त्याच्या तोंडाला रंग नव्हता.

मग आतून रडणं आलं. बारीक, चिरकं, पण रागावलेलं. माझ्यासारखंच.

मुलगी झाली. लहानशी होती, पण जिवंत. वर्षाही शुद्धीवर होती. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, मला म्हणाल्या, “दोघी चांगल्या आहेत.” मग इकडंतिकडं पाहून विचारलं, “ते माती तपासणारे आले नाहीत आज?” मी म्हटलं, ते नागपूरला आहेत. का आहेत, तेही सांगितलं. आणि त्या दिवशी मी जे तोंड बंद ठेवलं होतं ते उघडलं. गोळ्या बंद करायला सांगणारा तो माणूस नव्हता. माझी पोरगी वाचावी म्हणून त्यानं शिव्या खाल्ल्या. सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “मला त्यांची माफी मागायची आहे.” मी निरोप पोचवला. भाई म्हणाले, “नको म्हनावं. बरोबरच बोलत होत्या त्या. कोनालेही असंच झाडलं पायजे.”

नागपूरहून ते वाळून परत आले. ऑपरेशन झालं होतं. तरी काही महिने भाईंनी पुन्हा नदीकाठच्या तुकड्यात भाजी लावली, आपल्या मुरवलेल्या मातीत. पेट्या मात्र पुन्हा कोणाच्या दारी ठेवल्या नाहीत. सकाळी टोपलीत जुड्या घेऊन गल्लीतून फिरायचे. पोटुशी बाई दारात आली की म्हणायचे, “पहिले गोळी.” बाईनं गोळी तोंडात टाकायची, पाणी प्यायचं, गिळायची, आणि मगच तिच्या हातात जुडी. समोरच्या आजीच्या नातसुनेनं एकदा गोळी गालात धरून ठेवली. भाई दारातून हलले नाहीत. “वेळ आहे माह्याजवळ,” म्हणाले आणि ओट्यावर बसले. शेवटी आजीनंच नातसुनेच्या पाठीत धपाटा घातला. गोळी गेली, जुडी मिळाली, आणि भाई हसले. डोळे मिटून.

एवढा वेळ आहे म्हणाले, पण तो नव्हता. त्या थंडीत ते गेले.

गल्लीतली सगळी माणसं त्यांच्या मागं गेली, कब्रस्तानापर्यंत. आम्ही बायका दारात उभ्या. जावई मूर्तिजापूरहून सकाळीच आला होता, तोही गेला. भाभींजवळ वर्षा बसली होती, पोरगी मांडीवर. पोरगी रांगायला लागली होती तेव्हा. भाभींच्या ओढणीशी खेळत होती. भाभी तिला खेळू देत होत्या.

जावई परत आला तेव्हा हाताला माती होती. कबरीत सगळेच मुठीनं माती देतात, त्यानंही दिली होती. तो आमच्या दारात उभा राहिला, आत येईना. मी तांब्या घेऊन बाहेर आले. तो ओंजळ पुढं करून उभा, मी पाणी ओतायच्या आधी त्या मातीकडं पाहत राहिले. नको ते तोंडातून निघून गेलं.

“जावईबापू, माती कशी होती तिथली?”

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, हे काय विचारणं झालं. त्यानं हाताकडं पाहिलं. बोटांनी थोडी चोळून पाहिली.

“काळी होती, आई,” तो म्हणाला. “ओली होती. चांगली होती.”

मी पाणी ओतलं. त्यानं हात धुतले. त्या दिवशी मी गिरणी लावली नाही आणि कोणी दळण घेऊनही आलं नाही.